शिरा गेल्या, मग पाय अजून का दुखतोय? वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं

मागच्या अंकात पायावरच्या फुगलेल्या शिरांबद्दल, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं की ऑपरेशन करावं का, लेझर चांगलं की जुनं ऑपरेशन, असलेच प्रश्न येतील. तेही आले. पण जास्त पत्रं आलीत ती ऑपरेशन करून बसलेल्यांची. त्यात खूश असलेले आहेत, चिडलेले आहेत, आणि "डॉक्टर म्हणतात छान झालंय, मला काही कळत नाहीये" असं म्हणणारे तर भरपूर. म्हणून या वेळी फक्त ऑपरेशननंतरचं.

प्रश्न: मी ४८ वर्षांची, सातारा जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षिका. दिवसभर उभं राहून शिकवायचं, त्यामुळे दोन बाळंतपणांनंतर डाव्या पायाच्या शिरा खूपच फुगल्या. चार महिन्यांपूर्वी लेझर केलं, सव्वा लाख गेले. सोनोग्राफीत शीर पूर्ण बंद झालीय, रिझल्ट एकदम मस्त असं डॉक्टर म्हणतात. संध्याकाळचा जडपणा आणि घोट्याची सूज गेली हे खरं, रात्रीचे पोटरीतले गोळे अर्धे कमी झाले, पण कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून खाली पायापर्यंत जी कळ येते ती तशीच आहे आणि झिणझिण्याही तशाच. पोटरीवर दोन-तीन गाठीसारख्या शिरा अजून दिसतात. घरचे म्हणतात पैसे पाण्यात गेले. मी फसले का?

उत्तर: नाही ताई, फसला नाहीत. फक्त ऑपरेशनच्या आधी कोणीतरी दहा मिनिटं समोर बसून जे सांगायला हवं होतं ते तुम्हाला सांगितलं गेलं नाही असं पत्रावरून दिसतंय.

आम्ही सर्जन लोक बघतो डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. जांघेपासून आतल्या बाजूनं घोट्यापर्यंत उतरणारी जी वरवरची मोठी शीर असते तिच्यातले पडदे खराब झाले की रक्त वर जायच्या ऐवजी उलटं खाली येतं, ते उलटं येणं थांबलं का, शीर नीट मिटली का, खोल शिरेत गुठळी तर नाही ना, एवढं बघितलं की आमच्या वहीत केस यशस्वी. तुम्ही बघता शाळा सुटल्यावर पाय कसा आहे ते. दोन्ही खरंच आहे, पण दोन्ही एकच नाही, आणि पेशंट नाराज होतात ते बहुतेक वेळा या मधल्या जागेत.

आता तुमचं पत्र परत वाचा. जडपणा गेला, सूज गेली. हे दोन्ही शिरेचं होतं आणि ते गेलंय. शिरेच्या दुखण्याची ओळख अशी की सकाळी उठल्यावर सगळ्यात कमी असतं, उभं राहून राहून वाढत जातं आणि पाय उशीवर घेऊन पडलं की उतरतं. कुल्ल्यातून निघून मांडीच्या बाहेरून खाली जाणारी कळ, वर झिणझिण्या, हे दुखणं शिरेचं वाटत नाही, ते कंबरेच्या मणक्यातून येत असणार आणि ते आधीही होतंच, फक्त शिरा डोळ्यांना दिसत होत्या म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फुटलं. गोळे येणं हा मधला प्रकार आहे, काहींचे शिरेमुळे येतात काहींचे दुसऱ्याच कशानं, म्हणून अर्धे कमी झाले हे मला पटतं. तर आता शिरेच्या डॉक्टरकडे परत परत जाण्यापेक्षा एकदा हाडांच्या डॉक्टरला कंबर दाखवा.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या १,५६६ लोकांना, दवाखान्यात आलेले पेशंट नव्हेत, शहरातले साधे लोक, बोलावून त्यांचे पाय तपासले आणि तक्रारी विचारल्या, १९९९ साली ते छापून आलं. पुरुषांत साधारण ४० टक्के आणि बायकांत ३२ टक्के जणांना फुगलेल्या शिरा निघाल्या (हा बायकांचाच आजार म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं). पण खरी गंमत पुढची. बायकांमध्ये जडपणा, ठणका आणि खाज यांचा शिरांशी संबंध दिसला, पुरुषांमध्ये फक्त खाजेचा. आणि पायात शिरा आहेत अशांच्याही पायाच्या बऱ्याचशा तक्रारींचं कारण शिरा नसावंच, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे शिराही आहेत आणि पायही दुखतोय, म्हणून शिरांमुळेच दुखतोय असं धरून ऑपरेशनला गेलं की निम्मी नाराजी तिथेच बुक झाली.

राहिल्या पोटरीवरच्या गाठी. लेझरनं मोठी शीर बंद होते, तिच्या फांद्या आपोआप सुकतात किंवा नाही सुकत. चार महिन्यांनीही दिसतायत म्हणजे बारीक छेद घेऊन काढता येतात नाहीतर इंजेक्शन देता येतं, दोन्ही छोटी कामं आहेत. डॉक्टरला विचारा की हे पहिल्या पॅकेजमध्ये धरलं होतं का. नसेल तर बिलावर भांडण नको, पण विचारायचा हक्क तुमचा आहे. घरच्यांना सांगा, पायाची सूज गेली ती पाण्यात नाही गेली.

प्रश्न: माझी बहीण इंग्लंडमध्ये असते. २०१५ ला तिचं शिरांचं ऑपरेशन सरकारी हॉस्पिटलमध्ये झालं तेव्हा आधी एक फॉर्म भरून घेतला आणि नंतर तीन महिन्यांनी घरी परत तसाच फॉर्म आला. पुण्यात मला तर कोणी काही विचारलं नाही, फक्त रिसेप्शनवर पाच स्टार द्या म्हणाले. त्या फॉर्मचा उपयोग काय असतो?

उत्तर: फार चांगला प्रश्न आहे आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे जरा लांबेल.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं एप्रिल २००९ पासून चार ऑपरेशनांसाठी हे सुरू केलं होतं: खुबा बदलणं, गुडघा बदलणं, जांघेचा हर्निया आणि व्हेरिकोज व्हेन्स. ऑपरेशन कसं झालं हे डॉक्टरला विचारायचं नाही, पेशंटलाच आधी आणि नंतर तेच ते प्रश्न विचारायचे आणि फरक बघायचा. शिरांसाठी जी प्रश्नावली वापरली तिला ॲबर्डीन प्रश्नावली म्हणतात, १९९३ सालची आहे, १३ प्रश्न. त्यात पहिल्यांदा पायाचं चित्र दिलेलं असतं आणि तुमच्या शिरा त्यावर तुम्हीच काढायच्या. मग किती दिवस दुखलं, गोळ्या किती घेतल्या, सूज येते का, मोजे घालता का, खाज, काळे डाग, जखम, आणि मग असेही प्रश्न की शिरा दिसतात म्हणून कपडे निवडताना विचार करता का, घरकामात अडचण होते का. ० ते १०० गुण, कमी तितकं चांगलं.

निकाल बघण्यासारखे होते. शिरांच्या या प्रश्नावलीवर पाचातल्या चाराहून जास्त लोकांचे गुण सुधारले, पण सोबत जी सर्वसाधारण तब्येतीची प्रश्नावली होती तिच्यावर जेमतेम निम्म्या लोकांचे. यात विरोध काही नाही. पाय सुधारतो, पण ज्याचा पाय आधीच फारसा अडवत नव्हता त्याच्या एकूण जगण्यात त्यानं किती फरक पडणार. पुढे २०१७ मध्ये हर्निया आणि शिरांसाठी हे बंद केलं, गुडघा-खुब्याचं चालू ठेवलं. मला स्वतःला ते बंद करणं आवडलं नाही.

आता तुमचे पाच स्टार. रिसेप्शनवर जे विचारतात ते हॉस्पिटलबद्दलचं समाधान असतं, म्हणजे पार्किंग मिळालं का, सिस्टर नीट बोलल्या का, डिस्चार्जला किती वेळ बसवलं. तेही महत्त्वाचं आहे, नाही कोण म्हणतं, पण बरेच जण ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी स्टार देतात. तेव्हा पायाला पट्टी असते, आत काय झालंय ते पेशंटलाही माहीत नसतं न् डॉक्टरलाही. हायवेवरच्या बोर्डावर "हजारो समाधानी रुग्ण" लिहिलेलं असतं ना, तिथे विचारायचं की समाधान कधी विचारलं, दुसऱ्या दिवशी की वर्षानं?

आणि फॉर्म नाही मिळाला तरी हे घरी करता येतं. ऑपरेशनच्या आधी वहीत आपल्या तीन मोठ्या तक्रारी लिहा, प्रत्येकीला दहापैकी मार्क द्या आणि वही डॉक्टरसमोर ठेवून विचारा की यातली कुठली जाणार, कुठली कमी होणार आणि कुठलीचा या ऑपरेशनशी संबंध नाही. जो डॉक्टर "सगळं जाणार" म्हणतो त्याला परत एकदा विचारा. तीन महिन्यांनी तीच वही काढायची.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांचं इचलकरंजीत सलून आहे, वय ५९. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे. दोन वर्षांपूर्वी एकदा भरली होती, आता परत पाच महिने झाले भरत नाही. आजूबाजूची कातडी काळी, कडक झालीय. डॉक्टर म्हणतात शिरांचं ऑपरेशन करा, पण मामंजी म्हणतात आधीच जखम आहे त्यात आणखी कापाकापी कशाला, आधी ही भरू दे. तंबाखूचं व्यसन आहे, शुगर थोडी वाढलेली.

उत्तर: मामंजींना सांगा की "आधी भरू दे, मग बघू" हे आम्हीही वर्षानुवर्षं म्हणत होतो, पण आता ते बदललंय. ब्रिटनमध्येच ४५० जणांवर अभ्यास झाला, २०१८ ला आला, सगळे असे की जखम सहा महिन्यांच्या आतली. निम्म्यांची शीर लगेच बंद केली, निम्म्यांना आधी नुसती दाबपट्टी. लगेच केलेल्यांची जखम भरायला मध्यम हिशोबानं ५६ दिवस लागले, दुसऱ्यांना ८२. पट्टी दोघांनाही होती, ती सुटत नाही. आणि परत येण्याचं म्हणाल तर २००४ साली आलेल्या ५०० जणांच्या अभ्यासात नुसती पट्टी बांधलेल्यांपैकी २८ टक्क्यांची जखम वर्षाच्या आत परत आली, पट्टी अधिक ऑपरेशन केलेल्यांत १२ टक्के. तुमच्याकडे एकदा परत आलेलीच आहे, म्हणून हा आकडा त्यांना वाचून दाखवा. आणि कापाकापी म्हणाल तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीत (रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतून बंद करणं) सुईच्या छिद्रातून नळी जाते, जखमेला कोणी हात लावत नाही.

पण त्याआधी एक, आणि हे मी ठळक टाइपात छापायला सांगणार आहे: पायाच्या धमन्यांचा, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांचा, रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नका. तंबाखू आणि शुगर दोन्ही आहेत म्हणजे धमन्याही अरुंद झालेल्या असू शकतात. घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन त्याचा भागाकार करतात, ०.८ च्या खाली आला तर नेहमीची घट्ट पट्टी चालत नाही, कातडी मरू शकते. साधी तपासणी आहे, दुखत नाही, आणि तरी बऱ्याच ठिकाणी होत नाही.

एक गोष्ट मी बघत आलोय. ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त खूश असतात ते हे जखमवाले, चार-चार वर्षं ड्रेसिंग करून, वास येतो म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलेले. आणि सगळ्यात कमी खूश ज्यांच्या पायावर नुसत्या बारीक जांभळ्या रेषा होत्या ते. जास्त आजार, जास्त समाधान. पुढचं पत्र त्याच बाबतीतलं आहे.

प्रश्न: वय २९, हिंजवडीत जॉब. मांडीवर आणि गुडघ्यामागे कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या-लाल रेषा होत्या म्हणून फोमची (शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाची) इंजेक्शनं घेतली, दोन सिटिंग झाले. रेषा गेल्या पण त्यांच्या जागी ब्राऊन पट्टे आलेत, आधीपेक्षा वाईट दिसतंय!! फेब्रुवारीत लग्न आहे. हे जाणार का? मला तर कोणी बोललंच नव्हतं असं होईल म्हणून.

उत्तर: बहुतेक जातील, पण फेब्रुवारीपर्यंत जातीलच असं मी छापून देणार नाही. शीर बंद पडल्यावर आत अडकलेल्या रक्तातलं लोह कातडीत उतरतं, त्याचा तो रंग. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात फिका होतो, थोड्यांचा जास्त दिवस टिकतो. आत गोठलेलं रक्त हाताला कडक लागत असेल तर डॉक्टर बारीक सुईनं ते काढू शकतात, त्यानं मदत होते. पार्लरमधले ब्लीच, पील वगैरे काही करू नका, लग्न होईपर्यंत नवीन सिटिंगही नको, आणि त्या भागावर ऊन घेऊ नका.

सांगितलं नाही ही तुमची तक्रार बरोबरच आहे. जिथे दुखणंच नाही, फक्त दिसणं आहे, तिथे डाग पडणं हा "किरकोळ साइड इफेक्ट" कसा काय होतो? दिसण्यासाठीच आलेल्या माणसासाठी तोच मुख्य धोका. संमतीपत्राच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असणार, पण त्याला सांगणं म्हणत नाहीत.

प्रश्न: मी एसटीतून निवृत्त कंडक्टर, नाशिक. २०११ मध्ये डाव्या पायाचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन, शीर ओढून काढली. आठ-नऊ वर्षं उत्तम गेली, आता परत शिरा. तेव्हा लेझर केलं असतं तर परत आलंच नसतं असं शेजारचे सांगतात.

उत्तर: शेजारच्यांना नमस्कार सांगा. काका, ब्रिटनमध्ये ११ हॉस्पिटलांत ७९८ लोकांवर लेझर, फोम आणि जुनं ऑपरेशन अशी तुलना झाली आणि पाच वर्षांनीचे निकाल २०१९ मध्ये आले. मगाशी सांगितलेल्या त्या १३ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर फोमवाले मागे पडले, लेझर आणि ऑपरेशनवाले दोघंही त्यांच्या पुढे. लेझरचा खरा फायदा सुरुवातीचा असतो, जांघेत छेद नाही, काळंनिळं कमी, कामावर लवकर. म्हणून आज मीही आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच सांगतो. पण तुमचं ऑपरेशन चुकलं होतं असं त्यातून निघत नाही.

परत येण्याची कारणं वेगळी असतात. जांघेत जिथे शीर बांधून तोडली तिथून तोडलेल्या झाडाला फुटवा यावा तशा नव्या बारीक शिरा फुटतात, किंवा तेव्हा चांगली असलेली शेजारची दुसरी शीर आता खराब होते. मुळात कल आणि कामाचा प्रकार तोच राहतो, गाडीत दिवसभर उभं राहून तिकिटं फाडली ती तुम्हीच. ऑपरेशन करून मिळते ती बरीच वर्षं, कायमची हमी नव्हे, आणि हे आधीच सांगितलेल्या पेशंटला शिरा परत आल्या तर वाईट वाटतं, पण राग येत नाही. तुम्ही आता नव्यानं उभं राहून डॉपलर करून घ्या, झोपून केलेलं नको, त्यात उलटं येणारं रक्त नीट कळत नाही. काही त्रास नसेल, कातडीचा रंग बदललेला नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल.

प्रश्न: ऑपरेशनला सात आठवडे झाले. पोटरीच्या आतल्या बाजूला हाताच्या तळव्याएवढी जागा बधिर आहे. चालताना त्रास नाही. घाबरायचं का? (वाचक, लातूर)

उत्तर: नाही. तिथे शिरेला चिकटून कातडीची एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते, शीर गुडघ्याखालपर्यंत काढली किंवा जाळली की ती दुखावते. ती फक्त संवेदनेची आहे, पायाची ताकद तिच्यावर नाही. जागा महिन्यामहिन्यानं आकसत जाते, काहींना छोटा ठिपका कायम राहतो. गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही. मात्र पाय अचानक सुजला, पोटरी टणक होऊन दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं तर ते वेगळं, तेव्हा पत्र लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न: नागपूरच्या मे महिन्यात ऑपरेशननंतरचे ते घट्ट मोजे घालणं म्हणजे शिक्षा आहे. मला सहा महिने सांगितलेत, मैत्रिणीला दोनच आठवडे. ऑपरेशन बरं पण मोजे नको असं झालंय. खरं किती दिवस?

उत्तर: ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की उपचारानंतर मोजे किंवा पट्टी द्यायचीच असेल तर सात दिवसांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे सवयीनं जास्त दिवस सांगतात. पण जखम होती का, खोल शिराही खराब आहेत का, आधी गुठळी झाली होती का, यावर उत्तर बदलतं, अशांना मोजे बरेच दिवस, कधी कायमचेही लागतात. म्हणून स्वतःच्या मनानं काढून न टाकता डॉक्टरला सरळ विचारा की माझ्या बाबतीत सहा महिन्यांचं कारण काय. कारण सांगता आलं तर घाला: सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे, रात्री झोपताना काढायचे, दोन जोड ठेवून आलटून पालटून धुवायचे. माप घोटा आणि पोटरी मोजून घेतलेलं असावं, मेडिकलवाल्यानं नजरेनं दिलेलं "मीडियम" नको, निम्म्या लोकांना मोजे शिक्षा वाटतात ते चुकीच्या मापामुळे. आणि कारण सांगता नाही आलं, तर मे महिन्यात तुमची सुटका व्हायला माझी हरकत नाही.